स्वल्प

आठ वर्षं झाली, खडेबाजारात
लग्नपत्रिका जुळवते मी,
एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड,
वर गणपती, तो दोन्हीकडे चालतो.
काना सुटला, मात्रा घसरली, लगेच दिसतं मला.
भांग रुंदावलेला मात्र दिसला नाही.
तो दाखवला मालकांच्या कॅमेऱ्यानं,
गल्ल्यातले पैसे गेले म्हणून छताला लावलेल्या.
चोर सापडला नाही.
सापडली वरून एक बाई, खुर्चीत वाकलेली,
डोक्याच्या मधोमध पांढरा पट्टा,
झाडं तोडून रुंद केलेल्या
खानापूरच्या रस्त्यासारखा.

आमच्याकडे सीमेवर माणसं जन्मभर बोलतात.
माझी सरकत होती
मोर्चाशिवाय, निवेदनाशिवाय,
कंगव्यागणिक एक केस आत.

आधी डेंगीवर ढकललं, मग बोअरच्या पाण्यावर.
जास्वंद झाली. कांद्याचा रस झाला.
जोतिबा उशी उचलून भिंतीकडे वळला त्या रात्री,
मग हसला. मग मीही.

टिळकवाडीत डॉक्टर मेळवंकीबाई.
भिंगाखाली केस बाजूला सारत म्हणाल्या,
मुळं मेली नाहीत, बारीक झालीत.
रोज रात्री औषध, ड्रॉपरनं, कोरड्या कातडीवर.
महिन्यातून एकदा सुया.
नुसत्या औषधानंही होतं,
दोन्ही मिळून जरा बरं होतं, बऱ्याच जणींचं.
सगळ्यांचं नाही.
हे शेवटचं त्यांनी थांबून, शुद्ध मराठीत सांगितलं,
उगाच मागाहून भाषेवर जायला नको.

जोतिबा उद्यमबागेत, फौंड्रीत.
पैशाचा आकडा ऐकून गप्प झाला.
जेवताना म्हणाला, साच्याला आमीबी टोचतो की.
वाळू ठोकून बसवली की बारीक सळईनं भोकं,
वाफ भायेर जायला.
न्हाईतर ओततानाच फुटतंय सगळं.
तुझं उलटं. तुझं आत जायला.
आणि आमटी वाढून घेतली.
हा त्याचा होकार.

बधिर करायचं मलम, पाऊण तास,
वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं,
मंडईतल्या कोबीसारखी बसून राहिले.
मग ते यंत्र. पेनाएवढं.
कपाळाच्या कडेपासून गुणगुणत आलं.
‘नोव ऐतेनरी?’ सिस्टरनं विचारलं.
‘स्वल्प,’ म्हणाले.

म्हणाले, आणि मग ऐकलं.
इकडे रोजचा शब्द हा.
अन्न स्वल्प वाढा, स्वल्प सरका, स्वल्प थांबा.
आमच्या मराठीनं तो
विरामाला बांधून ठेवलेला, व्याकरणाच्या पुस्तकात.
तेवढ्यात सुया भांगावर आल्या
आणि आरशात दिसलं काय उमटतंय.
टिंब नव्हे. टिंबाला शेपूट,
जरासा ओघळलेला थेंब,
मग आणखी एक, मग आणखी,
वाक्य अजून चालू आहे म्हणणारे.

आज औषध नको, उद्या रात्रीपासून, त्या म्हणाल्या.
घरी जोतिबानं मोबाइलचा दिवा धरून
डोकं तपासलं, कारखान्यातल्यासारखं.
वाळू बरी बसलीय, म्हणाला.

सहाव्या आठवड्यात आणखीच गळले.
तसं होईल हे सांगितलेलं होतं.
न्हाणीच्या जाळीतून गुंता काढणाऱ्या बोटांना
कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता पाचवा महिना. रस्त्याच्या काठाला लव आलीय,
वाऱ्यावर उभी राहणारी,
कुठल्याच वेणीत न बसणारी.
रस्ता आहेच. पाव भाग बुजला असेल.
औषध सोडलं की पुन्हा उघडेल, तेही माहीत आहे.
रात्री बाटली हलवते, उजेडात धरते,
मोजून लावते, हात धुते.

काल एका पत्रिकेत
नवऱ्या मुलाच्या नावामागून त्याची डिग्री,
मधे काहीच नाही.
राहू दे ओ बाई, गिऱ्हाईक म्हणालं,
एवढ्यानं काय होतंय?
वर कॅमेऱ्याचा तांबडा दिवा.
मी मान खाली घालून
घातला.